खाऱ्या पाण्याच्या टाकीखालचा सम्प: पंप बंद पडला तर पाणी जातं कुठे

माशांसाठी पहिलीच खाऱ्या पाण्याची टाकी करायची म्हटलं की निम्मे लोक सांगतात, सम्पच्या भानगडीत पडू नकोस, मागे लटकवायचा फिल्टर घे, थोडा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री खडक) टाक आणि मजा कर. ते खोटंही नाहीये, लहान टाकी तशी मस्त चालते. पण माझी टाकी ९० × ४५ × ४५ सेमीची, काठोकाठ भरली तर १८२ लिटर, आणि मला स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) तर हवाच होता पण तो आणि हीटर आणि वायरींचं जंजाळ काचेतून दिसायला नको होतं. शिवाय रोज जे पाणी वाफ होऊन उडतं त्याने वरच्या टाकीची पातळी खाली जाते, काचेवर मिठाची पांढरी रेघ उमटते, ते तर अजिबात नको होतं. सम्प असला की उडालेलं सगळं पाणी खालच्या एकाच कप्प्यात कमी दिसतं, वरची पातळी हलत नाही. हे एवढं एक कारण मला पुरलं.

सम्प म्हणजे काही जादू नाही हो, खालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीच्या काठाजवळच्या दातेरी बॉक्सच्या, दातांवरून सांडतं, ड्रेनच्या पाइपातून खाली येतं, कप्प्याकप्प्यातून फिरतं आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. पंप जेवढं वर टाकेल तेवढंच काठावरून सांडणार, त्यामुळे ड्रेनची ताकद पंपापेक्षा जास्त असली की प्रश्न मिटला.

माझा दादा पाइप आणि पंपांच्या कामात मुरलेला आहे. मी त्याला कागदावर काढलेलं चित्र दाखवलं, चार रंगांचे बाण वगैरे काढून, तर तो म्हणाला, "अगं हे सगळं चालू असतानाचं झालं. पंप बंद पडल्यावर काय होतं ते काढलंयस का? आणि ड्रेन तुंबल्यावर?" काढलेलं नव्हतंच, मी तर स्किमर कुठला घ्यायचा यावर वाचत बसले होते. मग स्किमर बाजूला ठेवला आणि आम्ही दोघं पट्टी, पेन्सिल आणि मोबाइलचं कॅलक्युलेटर घेऊन बसलो. आता मागे बघते तर सम्पची सगळी मापं त्या एका बैठकीत ठरली, नंतर जे केलं ती फक्त मजुरी.

तर आधी पंप बंद पडण्याचा हिशोब. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी लगेच थांबत नाही, ओव्हरफ्लोच्या दातांच्या तळापर्यंत येईतोवर खाली सांडतच राहतं. माझ्या टाकीचं क्षेत्रफळ ९० × ४५ म्हणजे ४०५० चौ. सेमी, म्हणजे पातळी १ सेमी उतरली की ४ लिटर खाली आले (काचेची जाडी सोडून दिली आहे, ढोबळ बघायचं). चालू असताना पाणी दातांच्या तळापेक्षा २ सेमी वर असतं, म्हणून ८ लिटर. ओव्हरफ्लोच्या बॉक्समधलं ३ लिटर, पाइपातलं लिटरभर. झाले १२ लिटर.

इथवर ठीक आहे, पण खरी मेख रिटर्नच्या नोझलमध्ये, म्हणजे परत येणाऱ्या पाइपाच्या टाकीतल्या तोंडात आहे. पंप थांबला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि नोझलचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी पंपातून खाली ओढत राहतो. नोझल पाण्याखाली १ सेमी असेल तर काही फरक नाही, पण छान दिसतं म्हणून कोणी ते १५ सेमी खोल लावलं तर १५ × ४ म्हणजे ६० लिटर खाली येणार. माझा सम्प ७५ × ३५ × ४० सेमी, गळ्यापर्यंत भरून १०५ लिटर, चालू असताना त्यात ४९ लिटर, म्हणजे मोकळी जागा ५६. साठ लिटर त्यात मावत नाहीत, उरलेलं जमिनीवर. आणि हे रात्री तीन वाजता होणार, दुपारी कधीच होत नाही.

यावर लोक दोन उपाय सांगतात. एक म्हणजे रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ३-४ मिमीचं भोक पाडायचं, पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. दुसरा म्हणजे चेक व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. भोक मी पाडलं, पण भोकात शेवाळ बसतं, मीठ बसतं, गोगलगाय बसते. चेक व्हॉल्व्हच्या झडपेवर चुन्याचा थर चढला की ती पूर्ण मिटत नाही, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मी नोझलच वर घेतलं, पाण्याच्या पातळीच्या एखाद सेंटिमीटर खाली, आणि भोक हे जोडीला. चेक व्हॉल्व्ह लावलाच नाही, त्याच्यावर विसंबायचं नसेल तर तो फक्त प्रवाह अडवतो.

आता दुसरा हिशोब, जो मला जास्त आवडला कारण तो कोणी सांगत नाही. समजा ड्रेन तुंबला. आता पंप खालून पाणी वर टाकतोय आणि खाली काहीच येत नाही. मग वर किती पाणी जाईल? तर फक्त रिटर्नच्या, म्हणजे पंप असलेल्या शेवटच्या कप्प्यात जेवढं आहे तेवढं, कारण मधल्या कप्प्यांचं पाणी बॅफलच्या (कप्पे पाडणाऱ्या उभ्या काचांच्या) उंचीला अडकून राहतं, ते पंपापर्यंत पोचतच नाही. म्हणजे रिटर्नचा कप्पा जेवढा लहान तेवढं संकट लहान! माझा कप्पा २० × ३५ सेमी, म्हणजे ७०० चौ. सेमी, पातळी १७ सेमी, पंप ५ सेमीपर्यंत ओढून मग हवा खायला लागतो, म्हणजे १२ सेमीचं पाणी, ८.४ लिटर. वरच्या टाकीत ते २ सेमी चढणार, आणि वर काठाला ४ सेमी मोकळे ठेवलेत, म्हणजे मावलं. तोच कप्पा ४० सेमी लांब केला असता (आणि माझ्या पहिल्या चित्रात तो चांगला ऐसपैस होता) तर १६.८ लिटर वर गेले असते, म्हणजे ४ सेमीपेक्षा जरा जास्तच, आणि ते जरा जास्तच जमिनीवर.

पण कप्पा लहान केला की दुसरीकडून टोचतं, ते पण सांगते. ७०० चौ. सेमीच्या कप्प्यात १ लिटर पाणी उडालं की पातळी जवळजवळ दीड सेमी उतरते. दिवसाला दोन लिटर उडाले तर ३ सेमी. दोन-तीन दिवस लक्ष दिलं नाही तर पंप हवा ओढायला लागणार. म्हणून लहान कप्पा घ्यायचा असेल तर एटीओ, म्हणजे आपोआप पाणी भरणारं यंत्र, हे ऐच्छिक राहत नाही. हौस म्हणून नाही, त्या कप्प्याच्या मापाचाच तो भाग आहे.

मग बाकीची मापं. स्किमरला ठरावीक उंचीचंच पाणी लागतं, ते कमीजास्त झालं की त्याचा फेस कमीजास्त होतो. माझ्या स्किमरच्या कागदावर २० सेमी लिहिलेलं होतं, म्हणून बॅफल २० सेमीचा. काही जण आधी सम्प घेतात आणि मग स्किमरखाली प्लॅस्टिकचे ठोकळे रचत बसतात, चालतं तेही. ड्रेन आणि फिल्टर सॉकचा (पाणी गाळायच्या पिशवीचा) कप्पा १५ सेमी, स्किमरचा ३०, मग बुडबुडे अडवायला तीन बॅफल जवळजवळ, मग रिटर्न. तीन बॅफलची रचना अशी की पहिला आणि तिसरा तळाला चिकटलेले, २० सेमी उंच, आणि मधला तळापासून ३ सेमी वर उचललेला आणि वर २६ पर्यंत. पाणी पहिल्यावरून सांडतं, मधल्याच्या खालून जातं, तिसऱ्यावरून परत सांडतं, आणि या खालीवर जाण्यात बुडबुडे वर निघून जातात. तिसऱ्या बॅफलवरून रिटर्नमध्ये पडताना फार उंचावरून पडायला नको, नाहीतर अडवलेले बुडबुडे तिथे परत तयार होतात, म्हणून रिटर्नची पातळी १७, फक्त ३ सेमी खाली.

एक गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते: टाकी स्टँडवर चढवायच्या आधी सम्प आत जातो का ते बघा. माझ्या स्टँडचं दार सम्पपेक्षा अरुंद होतं. सम्प वरूनच आत सोडावा लागला, आणि त्यानंतर वर टाकी. वर दीडशे-दोनशे लिटर पाणी आल्यावर हे करता येत नाही. शिवाय स्किमरचा कप वर उचलून काढायला जागा लागते, सॉक उपसायला हात जायला हवा, हे पण टेपने मोजून घ्या.

बॅफल काचेचेच घेतले. सिलिकॉन काचेला काच घट्ट धरतं, अ‍ॅक्रिलिकला तेवढं धरत नाही, आणि काचेच्या टाकीत अ‍ॅक्रिलिकचे बॅफल लावले तर कधीतरी सुटायची शक्यता राहते. काचा आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी कमी कापून घेतल्या, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनला जागा हवी म्हणून, आणि कडा ओल्या पॉलिश पेपरने मारून घेतल्या कारण मागाहून त्याच कडांवरून हात फिरणार आहेत. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेलं हवं, बाथरूमसाठी जे मिळतं त्यात ते औषध असतं आणि ते माशांना चालत नाही. सुकताना त्याला व्हिनेगरचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बॅफल कुठे येणार तिथे बाहेरून मार्करने रेघा ओढल्या, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग सिलिकॉन, मग ओलं बोट एकाच झटक्यात वरून खाली, आणि टेप लगेच काढायची, सुकल्यावर नाही. दिसायला काही शोरूमसारखं आलेलं नाही. कपाटात आहे, कोण बघतंय. ४८ तास तर किमान सुकू द्यायचंच, मी अजून जास्त ठेवलं.

भोकं पाडायचं काम दादाने केलं आणि मी पाणी घालत उभी होते. आधी खात्री करून घेतली की मागची काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) नाहीये, कारण टेम्पर्ड काचेला ड्रिल लागलं की तिचे क्षणात तुकडे होतात. बघायची युक्ती अशी की काचेच्या एका बाजूला लॅपटॉपची पांढरी स्क्रीन धरायची आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून बघायचं, टेम्पर्ड असेल तर काळपट पट्टे-ठिपके दिसतात, साधी असेल तर एकसारखी दिसते. बऱ्याच टाक्यांचा तळ टेम्पर्ड असतो, म्हणून मागच्या काचेत, वरच्या भागात भोकं घेतली. बल्कहेड (काचेच्या भोकात पाइप बसवायचा जोड) आधी विकत घ्या आणि त्याच्या मापाची होल सॉ, म्हणजे भोक कापायची गोल करवत, नंतर, उलटं केलं तर माप जुळेलच असं नाही. हिऱ्याच्या कणांची होल सॉ, ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी, जोर जवळजवळ नाहीच, आणि सतत पाणी. आत मागच्या बाजूला टेप लावली होती म्हणजे कापलेली चकती खाली आपटत नाही. "घाई करू नकोस," असं मी म्हणत होते आणि दादा म्हणत होता, "घाई कोण करतंय, तू पाणी घाल."

बल्कहेडचा रबरी गॅस्केट कुठल्या बाजूला यावर सगळ्यांचा गोंधळ होतो. तो फ्लँजच्या बाजूला, म्हणजे रुंद टोपीच्या बाजूला, नटच्या बाजूला नाही. नट फिरताना गॅस्केट त्याच्याबरोबर मुरडतो आणि गळायला लागतं. हाताने घट्ट आणि वर थोडासाच पिळा, पान्याने आवळत बसलं तर प्लॅस्टिक किंवा काच, दोघांपैकी एक जातं.

ओव्हरफ्लोचे प्रकार तीन ऐकायला येतात, डर्सो, हर्बी आणि बीनअ‍ॅनिमल. डर्सोमध्ये एकच पाइप, वर हवेचं भोक, आणि पाणी हवा एकत्र खाली येतात म्हणून आवाज करतो, बेसिन रिकामं होताना येतो तसा घुर्र घुर्र, चोवीस तास. बीनअ‍ॅनिमलमध्ये तीन पाइप, एक पूर्ण सायफन, एक अर्धा भरून वाहणारा, एक कोरडा, संकटासाठी. सगळ्यात सुरक्षित तोच, पण माझ्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये दोनच पाइपांची जागा होती म्हणून हर्बी. एक पाइप पूर्ण सायफन, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह, आणि दुसरा त्यापेक्षा उंच, एरवी जवळजवळ कोरडा, सायफन तुंबला तर सगळं पाणी एकट्याने नेऊ शकेल एवढा जाड. दोन्ही एक-एक इंचाचे घेतले. सायफनच्या तोंडाला जाळी लावली. संकटाच्या पाइपावर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही, कोणी तो बंद केला तर संकटाचा पाइप म्हणजे नुसती शोभा.

गेट व्हॉल्व्हच का, बॉल व्हॉल्व्ह स्वस्त असतो ना, तर बॉल व्हॉल्व्हमध्ये दांडा केसभर हलला तरी प्रवाह बदलतो, आणि हर्बीत केसभरच हलवायचं असतं. इथे पैसे वाचवू नका. पाइप जोडताना पंपाजवळ आणि ड्रेनला युनियन (हाताने फिरवून सुटणारे जोड) टाकले, म्हणजे पुढे साफसफाईला करवत लागणार नाही. सोल्व्हंट सिमेंट लावायच्या आधी सगळं कोरडंच जोडून बघितलं, जोडांवर मार्करने खुणा केल्या, कारण सिमेंट लावल्यावर विचार करायला काही सेकंदच मिळतात.

पंपाचं थोडक्यात सांगते. डब्यावर २००० लिटर ताशी लिहिलंय म्हणजे ते शून्य उंचीला. वर जवळपास सव्वा मीटर चढायचं, मध्ये एल्बो, प्रत्येक एल्बो थोडं खातोच. मला टाकीतलं पाणी तासाला साधारण ५ वेळा फिरायला हवं होतं, म्हणजे ताशी ९०० लिटर. रिटर्नचा पाइप टाकीच्या उंचीला बादलीत सोडून १० लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं, ४० सेकंद, म्हणजे बरोबर ९००. सम्पमधून यापेक्षा फार जास्त पाणी फिरवून काही मिळत नाही, आवाज आणि बुडबुडे मिळतात. टाकीत जोराचा प्रवाह हवा तो वरच्या वेव्हमेकरने द्यायचा.

मग आलं साधं पाणी भरून बघणं. मीठ नाही, खडक नाही, वाळू नाही, नुसतं नळाचं पाणी. हा टप्पा उरकायचा नाही. सम्प भरला, पंप चालू केला, वर पाणी चढलं, दातांवरून सांडायला लागलं, आणि पाच मिनिटं घर भरून आवाज. गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत गेले तशी बॉक्समधली पातळी वर चढत गेली, सायफनच्या पाइपातली हवा निघून गेली आणि आवाज एकदम बंद. एकदम म्हणजे खरंच एकदम, दादाने विचारलं पंप बंद पडला का. मग अजून केसभर बंद केला, म्हणजे संकटाच्या पाइपातून अगदी बारीक धार जात राहील. त्या धारेमुळे पातळी स्वतःची स्वतः सांभाळली जाते. सायफनचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-अडीच सेमीच बुडवायचं, जास्त खोल गेलं तर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि लाइट परत आल्यावर सायफन सुरूच होत नाही. हे आमचं टोक आधी ८ सेमी खाली होतं, करवतीने कापलं आणि पुढे काही त्रास झाला नाही.

मग दोन्ही हिशोबांची परीक्षा. पंपाचं बटण बंद केलं आणि खाली पट्टी घेऊन बसले. कागदावर सम्पची पातळी २३ च्या जरा वर यायला हवी होती, आली २४ च्या आसपास, आणि थांबली. बाहेरून काचेवर दोन रेघा मारल्या, एक चालू असतानाची आणि एक बंद असतानाची, आणि वरच्या रेघेच्या पुढे पंप बंद असताना कधीच भरायचं नाही. दुसरी परीक्षा, सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद. सगळं पाणी संकटाच्या पाइपातून गडगडत गेलं, टाकी भरली नाही. मग दोन्ही तोंडं हाताने दाबून धरली (एकाने दाबायचं आणि एकाने पंपाच्या बटणाशी उभं राहायचं, हे एकट्याने करू नये). पाणी काठाकडे चढलं, चढलं, खालून पंप हवा ओढत खरखरायला लागला आणि वर काठाला अजून बोट-दीड बोट जागा शिल्लक. दादाने हात झटकले आणि म्हणाला, "आता टाक तुझं मीठ."

एक जोड पाझरत होता, ड्रेनच्या युनियनचा, ओ-रिंगवर पीव्हीसीचा कीस अडकला होता, पुसून परत लावला. टिश्यू पेपर प्रत्येक जोडाखाली ठेवून द्या, डोळ्यांना न दिसणारा पाझर कागदावर दिसतो.

विजेचं काम पाणी भरायच्या आधीच झालं होतं. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात वर, बाजूच्या फळीला, सम्पच्या वर नाही आणि जमिनीवर तर नाहीच. प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर बोर्डाला जाते, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला थेंब होऊन पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं, आणि आपण त्यातच हात घालून काम करणार आहोत.

मिठाचं विशेष काही नाही. नळाचं पाणी काढून टाकून आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी, त्यात लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे घनता १.०२६ च्या जवळ. खडक जागा खातात ते धरून माझं एकूण पाणी २०० लिटरच्या आसपास, म्हणजे सात-साडेसात किलो मीठ. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणाने कॅलिब्रेट करून घ्या, साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही.

स्किमर साध्या पाण्यात तपासता येत नाही, हे मला आवडलं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, आणि त्या बारीक बुडबुड्यांना पाण्यातली सेंद्रिय घाण चिकटून वर येते. पहिला आठवडाभर त्याचा काही नेम नव्हता, कधी कप कोरडा, कधी तासाभरात भरून ओसंडतोय. नवीन स्किमरला प्लॅस्टिकवरचं तेल वगैरे धुऊन जायला वेळ लागतो, त्यात रोज स्क्रू फिरवत बसलं तर कळतच नाही की काय बदललं. तो कमी पातळीवर ठेवला आणि हात लावला नाही. मग एक दिवस गडद चहाच्या रंगाचं घाणेरड्या वासाचं पाणी कपात आलं आणि मी आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरले, कोणालाच बघायचं नव्हतं.

वरच्या टाकीत बारीक बुडबुडे मात्र दिसत होते, धुक्यासारखा पांढुरका पट्टा नोझलसमोर. बॅफल तर नीट होते. शोधत शोधत पंपाशी गेले तर रिटर्नची पातळी १४ वर आली होती आणि पंपाच्या तोंडाशी छोटासा भोवरा पडून हवा ओढली जात होती. पातळी १७ ला आणली, पट्टा गेला. म्हणजे परत एटीओच.

एटीओमध्ये साधं आरओचं पाणीच जायला हवं, खारं नाही. मीठ उडत नाही, पाणी उडतं. २०० लिटरमधून ४ लिटर उडाले तर ३५ चं ३५.७ होतं, त्यात परत खारं पाणी घातलं तर ते तसंच वर राहणार आणि रोज वाढत जाणार. आता आठवा तो तुंबलेल्या ड्रेनचा हिशोब: ड्रेन तुंबला, रिटर्नची पातळी उतरली, एटीओला वाटतं पाणी उडालंय, तो इमाने इतबारे ओतत सुटणार. माझ्याकडे काठाला ४ सेमी, त्यातले २ पंप खाणार. एटीओची टाकी १० लिटरची असती तर अजून अडीच सेमी, म्हणजे सांडलंच. म्हणून ५ लिटरचीच ठेवली, सव्वा सेमी, मावतं. आणि अख्खे ५ लिटर चुकून ओतले गेले तरी क्षारता ३४ च्या खाली जात नाही. दर दोन-तीन दिवसांनी ती भरावी लागते, लोक हसतात, हसू देत. एटीओच्या नळीचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही, वर हवेत क्लिप करायचं, नाहीतर ती नळीच सायफन होते.

हीटर स्किमरच्या कप्प्यात आहे कारण तिथली पातळी कधी बदलत नाही, रिटर्नमध्ये ठेवला तर एखाद्या दिवशी उघडा पडून तडकेल. मग खडक आले, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट ही नेहमीची चढउतार, अमोनियाचं शेवटी नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू बसेपर्यंत काही आठवडे नुसतं रिकाम्या टाकीकडे बघणं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा नाही, यात तडजोड नाही. मग ऑसिलॅरिस क्लाउनफिशची जोडी.

सॉक २०० मायक्रॉनचा आहे, तीन-चार दिवसांनी बदलते, जास्त ठेवला तर त्यात अडकलेलं कुजून नायट्रेट वाढवतं, आणि तुंबलेल्या सॉकवरून पाणी उडी मारून थेट स्किमरमध्ये जातं. चार सॉक घेऊन ठेवलेत, उलटे करून धुवायचे, साबण नाही. महिन्याला एकदा नोझलचं ते छोटं भोक टूथपिकने मोकळं करते आणि पंपाचं बटण बंद करून पाणी वरच्या रेघेलाच थांबतं का ते बघते. शेवटी बघितलं तेव्हा रेघेच्या वर बोटभर गेलं होतं. नोझल कोणीतरी काच पुसताना खाली वाकवून ठेवलं होतं. वर केलं, आणि आता त्यावर झिप टाय मारलाय.